पाचव्या चौकटीतला आवाज

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताला दोन कामं होती. ढोल बडवणं आणि आम्हाला बडवणं. दोन्ही कामांत तो हात सारखाच तयार होता. फरक इतकाच, की पहिल्या कामाला गल्ली टाळ्या वाजवायची आणि दुसऱ्या कामाच्या वेळी खिडक्या लावून घ्यायची.

दिवसा ते सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर असत. संध्याकाळी मात्र ते जुन्या नाशकातल्या आमच्या मंडळाच्या ढोलपथकाचे म्होरके. गळ्यात काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी. ती वाजली की चाळीस ढोल एका क्षणात गप्प व्हायचे. वर्षभर ती शिट्टी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली असायची आणि आई रोज केर काढताना ती फडक्याने पुसायची. त्या घरात असं लाडाने पुसलेलं दुसरं काही नव्हतं.

आईला मारायला कारण लागायचं नाही. आमटी गार, आमटी जास्त गरम, दारात चपला वाकड्या. मी नऊ वर्षांची असताना पिठाच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरला होता, मिरवणुकीतला, त्यांचाच. ते मागे येऊन उभे राहिले. पूर्ण दोन आवर्तनं ऐकली आणि मग माझ्या कानाखाली अशी काढली की डबा एकीकडे आणि मी एकीकडे. "पोरींनी ढोलाला हात लावायचा नाय," म्हणाले. डबा ढोल नसतो, असं मी म्हटलं, म्हणून दुसरी बसली. ठेका चुकला असता तर एकीवर भागलं असतं, असं मला आजही वाटतं. तो बरोबर होता, हेच त्यांना सोसलं नाही.

मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचा ढोल ऐकला की अंगावर काटा यायचा. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला कधी घालता आला नाही.

बारावीनंतर मी कॉलेज रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकायला गेले आणि वर्षभरात तिथेच शिकवायला लागले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. क्लासने जुनी मशीन काढली तेव्हा त्यातलं एक माझ्या घरी आलं. मोठ्या ढेरीचा मॉनिटर, पिवळा पडलेला कीबोर्ड. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर तेव्हा फुकट सीडी मिळायच्या. तशा एका सीडीत ढोल वाजवायचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर आडव्या ओळीत सोळा चौकटी. एका ओळीला एक आवाज. ज्या चौकटीवर टिचकी माराल ती पेटायची. प्ले दाबलं की एक उजेडाची पट्टी डावीकडून उजवीकडे धावायची, पेटलेल्या चौकटीवर आली की आवाज व्हायचा. सोळावं घर संपलं की पुन्हा पहिलं. बाजूला वेग कमीजास्त करायची एक सरकपट्टी. बस, इतकंच.

पहिल्यांदा प्ले दाबलं तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं जे बोटांत अडकून पडलं होतं ते बाहेर वाजत होतं आणि कुणी कानाखाली मारायला येत नव्हतं. पण आवाज सगळे परदेशी, कागदी. आमच्याकडच्या ढोलाला दोन तोंडं. जाड अंगावर लाकडी टिपरू पडलं की घुम, बारीक अंगावर उघड्या पंजाची थाप बसली की थाड. त्या सॉफ्टवेअरमध्ये ना घुम होता ना थाड.

त्याच उन्हाळ्यात वडिलांचा खांदा गेला. आधी नुसता दुखायचा, मग हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन लागेल, टिपरू विसरा. वडिलांनी ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. सरावाला ते नुसते शिट्टी घेऊन उभे राहत आणि पोरांवर खेकसत. पोरांना वाटलं, म्होरक्या यंदा जास्तच कडक झालाय.

घर मात्र शांत झालं. एकदा त्यांनी डाव्या हाताने मला मारायचा प्रयत्न केला, तर चापट माझ्या वेणीला लागली. आई पदर तोंडावर धरून आत गेली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आम्ही दोघी मायलेकी एका फाटलेल्या स्नायूच्या जिवावर मजेत जगत होतो. मी खोटं सांगत नाही, देवाला हात जोडून तो खांदा तसाच राहू दे म्हणायचे.

पण अनंत चतुर्दशी जवळ येत होती. आमच्या मिरवणुकीत एक रीत होती. मोठ्या रस्त्याच्या वळणावर आमचं पथक आणि पलीकडच्या गल्लीचं पथक समोरासमोर आलं, की दोन्हीकडचे सगळे ढोल थांबायचे. फक्त दोन म्होरके वाजवायचे, एकाच ठेक्यावर, लय चढवत चढवत. ज्याचा हात आधी अडखळेल त्याने टिपरू कपाळाला लावायचं आणि आपला गणपती बाजूला घ्यायचा. हरलेल्या म्होरक्याने त्याच दिवशी शिट्टी उतरवायची. वडिलांनी सात वर्षं वाट सोडली नव्हती. ती शिट्टी गेली तर त्या माणसाकडे प्रेस आणि आम्ही, एवढंच उरणार होतं.

मिरवणुकीला तीन आठवडे असताना ते माझ्या मशीनसमोर येऊन उभे राहिले. मी ठेका लावला होता. या खेपेला त्यांनी दोन नाही, दहा आवर्तनं ऐकली.

"यात माझा ढोल वाजल का?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा ते मला काहीतरी विचारत होते. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "वाजेल दादा. तुम्ही एकेक ठोका द्या, मी तो भरते."

ठरलं ते असं. आमच्या म्होरक्याच्या ढोलापुढे दोन वर्षांपासून माइक असायचा आणि आवाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच्या स्पीकरमधून यायचा. त्यामुळे ढोल समोर आणि आवाज मागून, याची लोकांना सवय होती. ट्रॉलीत जनरेटरशेजारी चादरीखाली माझं मशीन ठेवायचं. वडिलांनी वाजवण्याचं नुसतं सोंग करायचं. मी मंडळाला सांगायचं, की मी माइकचं बघते. कॅसेट चालली नसती, कारण लय चढवायची तर सरकपट्टी हातात हवी. शिट्टी वाजली की मी स्पेसबार दाबायचा, म्हणजे ठेका बंद. शिट्टी आणि स्पेसबार एकाच क्षणी पडावेत म्हणून आम्ही बापलेकीने याचा सराव केला. बायकांनी ढोलाला हात लावायचा नाही, या नियमात कीबोर्ड बसत नव्हता म्हणे.

आवाज भरायला आम्ही रविवारी भर दुपारी मागच्या अंगणात बसलो. ढोल स्टुलावर. क्लासमधून आणलेला हेडफोनचा माइक काठीला बांधलेला. मी म्हटलं, एकच ठोका द्या. त्यांनी चार दिले. पुन्हा म्हटलं, एकच. पुन्हा चार. तीस वर्षांत त्या हाताने एकटा ठोका कधी दिलाच नव्हता. एकाला लागून दुसरा आपोआप यायचा, मग ते स्वतःवरच चिडायचे. हात कमरेपासून खालच्या खाली फिरवत त्यांनी कसाबसा घुम दिला. प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांच्या घशातून एक कण्हणं निघत होतं आणि तेही भरलं जात होतं. मी ते काढून टाकलं नाही. म्हटलं, राहू दे, तेवढीच भरपाई.

घुम मिळाला, थाड मिळेना. ढोल खांद्याला लटकवून ताणल्याशिवाय पंज्याची थाप खणखणीत बसत नाही आणि खांद्याला लटकवणं त्यांना जमत नव्हतं. स्टुलावरच्या ढोलातून नुसतं थप यायचं, भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखं. वीस वेळा थप. त्यांचा चेहरा लाल होत गेला. मी ओळखते तो लाल.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने खाली वाकून ताटली ठेवली, कप किणकिणले आणि चाललेला ठोका वाया गेला.

उजवा हात सवयीने गेला. आई वाकलेली होती, तिचा गाल त्यांच्या कमरेच्या उंचीवर होता, हात वर न्यावाच लागला नाही. आवाज अंगणाच्या भिंतीला लागून परत आला. चहा सांडला. आई खाली बसली आणि वडीलही खांदा धरून किंचाळत खाली बसले. दोघं समोरासमोर, दोघंही कळवळत. मी माइकची काठी धरून उभी.

माइक चालू होता.

त्या संध्याकाळी मी ते सगळं पडद्यावर उघडलं. बाकी ठोके बुटके, आणि मध्ये एक उंच, टोकदार, स्वच्छ आवाज. थाड. मी आधीचे कप आणि नंतरची किंकाळी कापली आणि तो आवाज पाचव्या आणि तेराव्या चौकटीत ठेवला. प्ले दाबलं. घुम, घुम, थाड. असा ठेका मी जन्मात ऐकला नव्हता. माझे पाय आपोआप हलायला लागले.

मी असं का केलं, हे मी वीस वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलेय. कधी म्हणते, सूड. आज खरं सांगते. पहिलं कारण हेच, की आवाज चांगला होता. सूड मला दोन दिवसांनी सुचला. वडिलांनी ऐकलं आणि मान डोलावली. म्हणाले, "थाप बसली बघ शेवटी." त्यांना स्वतःचा हात ओळखू आला, पण तो कशावर पडलाय ते नाही. तेव्हा माझं डोकं सणकलं. मी मनात म्हटलं, वाजवतेच हे सगळ्या गावासमोर.

चतुर्दशीला सकाळी मिरवणूक निघाली. गुलाल, घाम, डिझेलचा धूर. चाळीस ढोलांत माझा ठेका मिसळून गेला होता, पण स्पीकरमुळे तोच सगळ्यांत पुढे. पोरं वेड्यासारखी नाचत होती. वडील पुढे, ढोल खांद्याऐवजी कमरेला बांधून, टिपरू त्याला जेमतेम टेकवत. खांद्यावर भगवा गमछा आवळून बांधलेला, लोकांना वाटावं रुबाब, आत खांद्याला आधाराचा पट्टा.

वळणावर पलीकडचं पथक आलं. त्यांचा म्होरक्या भाजीबाजारात हमाली करणारा, सुकलेला, गाल आत गेलेला माणूस. रीतीप्रमाणे सगळे ढोल थांबले. दोघे समोरासमोर उभे राहिले. त्याने पहिली लय दिली. मी सरकपट्टी तिथे आणली.

तो माणूस फार सुंदर वाजवत होता. हे मला तेव्हाही कळत होतं. मी पट्टी थोडी वर नेली, तो आला. आणखी वर, तो आला. त्याच्या पंज्याची कातडी फाटली, ढोलाच्या ताणलेल्या पानावर लाल बोटं उमटायला लागली. पुढच्या थापेला रक्ताचे थेंब उडून शेजारच्या पोराच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले. मी पट्टी आणखी वर नेली. मला थांबता येत होतं. पण मला मजा येत होती. एका बोटाने मी एका माणसाचा हात फाडत होते, आणि माझ्या बापाला यात काय मिळत आलं असेल ते मला त्या क्षणी बरोबर समजलं.

शेवटी त्याचा ठोका निसटला. तो थांबला, धापा टाकत टिपरू कपाळाला लावलं आणि मान खाली घातली. वडिलांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

माझा अंगठा स्पेसबारवर होता.

तेव्हा मला आई दिसली. बंद दुकानाच्या पायरीवर बायकांत उभी, हातात आरतीचं ताट. सकाळपासून चाळीस ढोलांत तिला काही कळलं नसणार. आता रस्ता शांत होता. मी न दाबताच अंगठा उचलला.

घुम, घुम, थाड. वडिलांनी पुन्हा शिट्टी फुंकली. त्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते आणि ढोल वाजत होता. घुम, कण्हणं, घुम, थाड. सगळा रस्ता त्या लोंबत्या हातांकडे बघत होता. आईच्या हातातलं ताट एका बाजूला कललं. तिने मोकळा हात गालावर ठेवला, त्याच गालावर. तिला कळलं होतं.

आधी कुणीतरी हसलं. मग तो भाजीबाजारातला माणूस आपल्या फाटलेल्या पंज्याकडे बघत राहिला, वडिलांकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. त्याने हातातलं टिपरू फेकलं ते वडिलांच्या भुवईवर बसलं. भुवई फुटली.

मग काय झालं ते सलग सांगता येत नाही. टिपरं ढोल सोडून डोक्यांवर पडायला लागली. झेंड्यांचे बांबू उपसले गेले. आमच्या पथकातल्या एकाचे दात माझ्या डोळ्यांसमोर गुलालात पडले. आणि या सगळ्यातून वाट काढत वडील ट्रॉलीकडे येत होते, अर्धं तोंड रक्ताने माखलेलं. ठेका चालूच होता. हाणामारीसुद्धा त्याच लयीत चालल्यासारखी वाटत होती.

"बंद कर! बंद कर रांडे!" ते खालून ओरडले.

मी ट्रॉलीवर उभी होते, ते खाली. त्यांनी उजवा हात उगारला. तो कमरेपर्यंत आला आणि थरथरत तिथेच राहिला. पुन्हा उगारला, पुन्हा तिथेच. मी वाकून बघत होते. एरवी मी घाबरले असते. मी म्हटलं, "मारा ना दादा."

मागून कुणाचा तरी बांबू त्याच खांद्यावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज मला ठेक्याच्या वर ऐकू आला. ते पडले, दोन पोरं त्यांच्यावरून तुडवत गेली, मग कुणीतरी स्पीकरची उतरंड ओढून पाडली, वायर तुटली आणि ठेका थांबला. स्पेसबार मी दाबलाच नाही.

पोलिसांनी लाठ्या मारून रस्ता मोकळा केला. वडिलांना सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हात छातीशी बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी मंडळाचे दोघे दारात आले. आईने खिळ्यावरची शिट्टी काढली, फडक्याने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. वडील खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आई माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं, धक्का आहे, उतरेल. मला वाटत होतं मी तिच्यासाठी लढलेय. खिडक्या लावून घेणाऱ्या सगळ्यांना मी भर रस्त्यात ते ऐकवलं होतं. मशीन वाचलं होतं, मॉनिटरच्या कोपऱ्याला फक्त टवका गेला होता. तिसऱ्या दिवशी, ती भाजी निवडत असताना, मी तिला हाताला धरून समोर बसवलं आणि मोठ्या फुशारकीने म्हटलं, "आई, ऐकलंस ना? सगळ्यांनी ऐकलं."

ती पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "यात मी कुठं हाय?"

मी पाचव्या चौकटीवर बोट ठेवलं. मग तेराव्या.

"सकाळपासून चालू होतं का हे?"

"हो."

"दर खेपेला दोनदा?"

"हो."

आईने माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला मारायची सवय नव्हती, त्यामुळे निम्मी माझ्या नाकावर बसली आणि नाकातून रक्त आलं. तो आवाज झाला तसे खाटेवर वडील दचकले आणि त्यांनी चांगला हात झटकन तोंडावर आडवा धरला. आईने तिकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"त्याच्यावर लोक नाचले गं," ती म्हणाली. "पोरंटोरं नाचली. तू बी नाचली असशील."

मी नाचले होते.